डावीकडची चकती

१२ जानेवारी

सकाळी सातला काकूंचा फोन. "कपाट उपसलंय. ये." एवढंच, आणि ठेवला. शाळा सुटून चौदा वर्षं झाली, पण बाईंच्या अंगातली मुख्याध्यापिका काही जात नाही.

दवाखान्यातून परस्पर गेले. सरांना जाऊन दहा महिने झाले, आणि त्यांच्या कपाटाला काकूंनी आज पहिल्यांदा हात लावला. पलंगभर निगेटिव्हच्या फायली, डबे, कॅमेऱ्याचे पट्टे आणि लेन्सची झाकणं. झाकणं मोजली. लेन्स सात, झाकणं तेवीस! काकू म्हणाल्या, "हा माणूस जन्मभर झाकण हरवलं म्हणून घर डोक्यावर घ्यायचा. बघ आता." दोघी पलंगाच्या कडेवर बसून हसलो. खूप दिवसांनी त्या घरात हसले.

कपाट उपसण्याचं कारण असं की वाचनालयाच्या हॉलमध्ये मार्चात सरांच्या फोटोंचं प्रदर्शन आहे. निवड मी करायची. "तूच कर. सतरा वर्षं त्यांच्या मागून पिशव्या वाहिल्यास, तुला नाही कळणार तर कोणाला?" आता सगळेच सरांना थोर म्हणायला लागलेत, त्यावर काकूंचं म्हणणं — मेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंतपणी ह्यातल्या अर्ध्यांनी फोनसुद्धा उचलला नव्हता.

मग म्हणाल्या, "भिंती चार आहेत ना? तीन तुझ्या. चौथीवर मी पाहिजे."

मी बघतच राहिले.

"बघतेस काय? लोकांच्या बायका काढल्या, लोकांच्या आज्या काढल्या, लोकांच्या शेळ्या काढल्या. ह्या ढिगात माझा एक फोटो दाखव. लग्नाबिग्नातले सोड, तिथे मी कोणाच्या तरी खांद्यामागे असते. ह्यांनी मुद्दाम, मला बसवून काढलेला एक दाखव."

शोधते म्हणाले.

"नाहीच तर शोधतेस काय? एकदाच काढले होते. छत्तीस. त्या तळ्याच्या धक्क्यावर. ते ह्यांनी घालवले, तुला माहीतच आहे."

हसत म्हणाल्या.  मी मात्र न सांगताच चहा करायला उठले. साखर दोनदा घातली. काकूंनी प्यायला निमूटपणे, म्हणजे त्यांनाही चव नव्हती.

१३ जानेवारी

आज एका आजोबांना "श्वास धरा" म्हणाले आणि "सोडा" म्हणायचं विसरले. बिचारे लालबुंद झाले तरी सोडेनात. आज्ञाधारक माणूस. दोन एक्स-रे परत काढावे लागले ते वेगळंच.

१५ जानेवारी

लिहूनच टाकते. निदान ह्या वहीला तरी कळू दे.

सतरा वर्षांपूर्वी मी सरांच्या वर्कशॉपला गेले ते हौस म्हणून. पाच दिवस, तळ्याकाठचं गाव, दहा-बारा माणसं, प्रत्येकाकडे साधा रोलचा कॅमेरा. सरांनी पहिल्या दिवशी सगळ्यांना कामधंदा विचारला. मी एक्स-रे काढते म्हटल्यावर म्हणाले, "अरे वा, म्हणजे ही माणसाच्या आतला फोटो काढते. आपण सगळे वरवरचे." तेव्हापासून मी एक्सरे. खऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

त्या वर्षी काकू वर्कशॉपला आल्या होत्या, पहिल्यांदा आणि शेवटचं. शाळेला सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी पहाटेचं धुकं उठल्यावर सरांनी त्यांना लाकडी धक्क्यावर उभं केलं. वारा होता, काकूंचे केस सुटलेले, अंगावर राखाडी शाल. अख्खी सकाळ दोघं तिथे. आम्हाला सरांनी हाकलून दिलं होतं, पण आम्ही गेस्टहाउसच्या व्हरांड्यातून बघत होतो. काकू मधेच काहीतरी बोलायच्या आणि सर कॅमेरा खाली करून हसायचे. बेकरीवाला — तोही त्या वर्षी नवाच होता — म्हणाला, "नवं लग्न झाल्यासारखं करतायत की." खरंच तसं दिसत होतं.

जेवण झाल्यावर सर म्हणाले, "एक्सरे, तू रोज दवाखान्यात फिल्म धुतेस. माझा हा रोल तूच धू." तेव्हा आमच्याकडे सगळं हाताने होतं. मला इतका अभिमान वाटला! गेस्टहाउसच्या न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी लावली, अंधारात रोल टाकीत चढवला, झाकण लावलं, दिवा लावला. इथपर्यंत सगळं ठीक.

आता, डेव्हलपरने चित्र उमटतं आणि मग फिक्सरने ते पक्कं होतं. उलट केलं तर चित्र उमटायच्या आधीच फिक्सर सगळं खाऊन टाकतो आणि फिल्म काचेसारखी कोरी निघते. हे मला पाठ होतं. दवाखान्यात डावीकडच्या टाकीत डेव्हलपर, उजवीकडच्या टाकीत फिक्सर. टाक्या जागच्या हलत नाहीत, त्यामुळे वाचून बघायची सवयच नाही. हात आपला आपण जातो. मी इथेही दोन बाटल्या तशाच मांडल्या. दोन्ही तपकिरी, सारख्या उंचीच्या. चिठ्ठ्या ओल्या होऊन कधी गळून पडल्या कळलं नाही.

झालं. टाकी उघडली तर फिल्म कोरी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चित्र नाही.

मी बाटल्या हुंगल्या. डावीकडच्या बाटलीला व्हिनेगरसारखा आंबट वास. फिक्सर! म्हणजे मी आधी फिक्सर ओतला. टबाच्या काठावर बसले आणि रडले. लहान पोरीसारखी, नाक पुसत.

सरांनी दार वाजवलं. मी फिल्म त्यांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "काहीच आलं नाही सर." त्यांनी ती बल्बसमोर धरली. जवळून बघितली, लांबून बघितली, चष्मा काढून बघितली. मग हसले. "अगं, रोल अडकलाच नव्हता. मीच मूर्ख. डावीकडची चकती बघितली नाही."

चकतीचं असं, की कॅमेऱ्याचा खटका ओढला की रोल पुढे सरकतो आणि वर डावीकडे एक छोटी चकती असते ती फिरते. ती फिरली नाही तर समजायचं की रोल आतल्या दात्यांत अडकलेला नाही, नुसताच बसलाय, आणि आपण हवेचे फोटो काढतोय.

मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सर ओली फिल्म गळ्यात घालून थेट जेवणाच्या खोलीत! सगळ्यांसमोर म्हणाले, "मंडळी, गाढव बघायचं असेल तर इकडे बघा." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. "छत्तीस वेळा मला हनुवटी वर करायला लावलीत," एवढंच म्हणाल्या आणि वर निघून गेल्या. सर त्यांच्यामागे गेले. फिल्मचं पुढे काय झालं मी पाहिलं नाही. कचऱ्यातच गेली असणार.

आणि मी तिथे बसून सूप प्यायले.

१६ जानेवारी

कालचं वाचलं. एक राहिलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच.

दीड वर्षाने दुसऱ्या एका वर्कशॉपला सरांनी दोन कोऱ्या फिल्म वर्गात दाखवल्या. फिल्मच्या कडेला कंपनीने आधीच बारीक आकडे छापलेले असतात, एक ते छत्तीस, पण डेव्हलप केल्याशिवाय तेही उमटत नाहीत. "फिल्म कोरी आणि आकडे आहेत, तर धुणारा निर्दोष, चूक कॅमेऱ्यात. फिल्म कोरी आणि आकडेही नाहीत, तर चूक धुणाऱ्याची. फोटो खोटं बोलेल, आकडे नाही बोलत."

मी दुसऱ्या रांगेत. एक्स-रेच्या फिल्मला असले आकडेबिकडे नसतात, मला हे माहीतच नव्हतं. कान तापले. म्हणजे त्या दिवशी बल्बसमोर सर आकडेच शोधत होते! आणि आकडे असणार कसे, मी तर आधी फिक्सर ओतला होता. सगळं कळलं होतं त्यांना. आणि तरी म्हणाले, मीच मूर्ख.

त्या दिवसापासून सर म्हणतील तिथे गेले. रजा काढून, घरचं आटपून, ताप असला तरी. अशा माणसाची पिशवी वाहायची नाही तर कोणाची?

१९ जानेवारी

रविवार. प्रदर्शनासाठी निवडायला बसले आणि दुपारभर नुसती आठवणीत रमले. काम शून्य. पण छान गेला दिवस.

सरांबरोबरचा प्रवास म्हणजे: बसमध्ये खिडकी त्यांची. त्यावर चर्चा नाही. डब्यात उकडलेली अंडी आणि मीठ कागदाच्या पुडीत, आणि मीठ प्रत्येक वेळी लेन्सच्या पिशवीत सांडलेलं. मुक्कामी पोचलं की पहिले दोन तास कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. नुसतं हिंडायचं. एकदा एका नव्या मुलीने चोरून एक फोटो काढला तर सर तिला म्हणाले, "आधी ओळख तरी होऊ दे, लगेच तोंडात कॅमेरा काय घालतेस त्याच्या?" ते 'त्याच्या' म्हणजे एक जुना पंप होता.

लांबून झूम लावून माणसं टिपणाऱ्यांवर त्यांचा राग. "उंटावरून शेळ्या हाकू नका. जवळ जा. नमस्कार करा." आणि स्वतः फोटो काढायच्या आधी समोरच्याला न सांगता स्वतःशीच पुटपुटायचे, "थांबा." माणसाला नाही म्हणायचे, स्वतःच्या बोटाला म्हणायचे. त्यामुळे पाठीमागे त्यांचं नाव थांबासर. त्यांना माहीत होतं. एका वर्षी हजेरीच्या वहीवर स्वतःच 'थांबासर' म्हणून सही ठोकली.

आणि पहिल्या दिवशी, रोल भरायला शिकवताना, दरवर्षी तीच गोष्ट. गाढवपणाचा धडा. धक्का, धुकं, बायको, छत्तीस फोटो. रंगवून सांगायचे. "अहो, रोल छत्तीसचा, आणि छत्तीस झाले तरी खटका ओढला जातोय. सदतीस! अडतीस! मला वाटलं, आज कंपनी मेहरबान आहे." सगळे लोळायचे हसून. आणि मी मागे बसून दरवेळी थक्क. किती बारीक खोटं बोलावं माणसाने दुसऱ्यासाठी! अडतीसचा आकडासुद्धा जोडला, म्हणजे कोणाला संशय नको. दर वर्षी तो अडतीस आला की सर माझ्याकडे बघायचे. मी मान खाली घालायची.

एकदा बसमध्ये हिय्या करून म्हणाले, "सर, त्या रोलबद्दल मला—"

"एक्सरे, तो रोल माझा आहे. माझं सगळ्यात हुकमी भाषण आहे ते. तू त्यात लुडबूड करू नकोस."

आणि अंडं सोलून माझ्या हातात दिलं. विषय संपला.

२३ जानेवारी

शेवटी नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवून सगळं ऐकलं. म्हणाला, "मेलेल्या माणसाने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं तू कशाला उघडतेस? त्यांची इच्छा तरी बघ."

हेही खरंच. मग काय, गप्प बसायचं. चौथ्या भिंतीसाठी काकूंचा लग्नातला एखादा फोटो मोठा करून देऊ.

२५ जानेवारी

बघितला मोठा करून. काकूंचं नाक आणि कोणाचं तरी कोपर. नको.

१ फेब्रुवारी

तळ्याच्या गावी पोचले. ह्या वर्षीचं वर्कशॉप सरांनीच ठरवून ठेवलेलं होतं, रद्द करू या म्हटलं तर सगळ्यांनी फोन करून मला झापलं. म्हणून मी. एकटीने पहिल्यांदा. आठ माणसं आणि बेकरीवाला. तो येताना तीन पाव आणि एक मोठा केक घेऊन आला, म्हणाला, "शिकवलं नाहीत तरी चालेल ताई, खाऊन-पिऊन जाऊ."

बसमध्ये खिडकी मोकळी होती. मी कडेलाच बसले. सवय.

२ फेब्रुवारी

पहिले दोन तास कॅमेरे पिशवीत. लोकांनी कुरकुर केली आणि मग गप्प झाले, नेहमीसारखे. धक्का तोच. दोन फळ्या नव्या घातल्यात, त्यांचा रंग वेगळा दिसतो. एक आजी रोज लाँचची वाट बघत तिथे बसते, आज तिने आमच्यातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांना आपली सगळी दुखणी सांगितली. संध्याकाळी ते म्हणाले, "आता मला तिचा फोटो काढायला लाज वाटत नाही." मी मनात म्हणाले, ऐकलंत का थांबासर.

मला येतंय शिकवायला. लिहायला लाज वाटते, पण येतंय.

३ फेब्रुवारी

प्राध्यापकांचा पहिलाच रोल कोरा निघाला. चेहरा बघवेना. मी फिल्म खिडकीला धरली. आकडे होते, स्वच्छ काळे. "धुण्यात चूक नाही. तुमचा रोल अडकला नव्हता. चकती बघितली होती?" त्यांना चकती म्हणजे काय हेच आठवेना.

तेवढ्यात बेकरीवाला ओरडला, "अहो ताई, सरांची गोष्ट सांगा की ह्यांना! गाढवाची!"

आणि मी सांगितली. जशी सर सांगायचे तशी. धुकं, शाल, हनुवटी, सदतीस, अडतीस, कंपनी मेहरबान. सगळे पोट धरून हसले. प्राध्यापकसुद्धा.

सर होते तोवर ते स्वतःवर हसायला लावत होते. आज मी लावलं. गेलेल्या माणसावर, माझ्या चुकीसाठी, त्याच धक्क्यापासून शंभर पावलांवर. केक तसाच ठेवला. बाहेर जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले आणि ठरवलं की काकूंना सांगायचं. नवरा काय म्हणायचं ते म्हणू दे. सरांनी झाकलं ही त्यांची माया. पण म्हणून मी त्यांना कायमचं गाढव ठेवायचं?

५ फेब्रुवारी

वर्कशॉप संपलं. निघताना सगळ्यांनी धक्क्यावर एकत्र फोटो काढून घेतला. प्राध्यापक निघेपर्यंत सगळ्यांच्या कॅमेऱ्याच्या चकत्या तपासत होते. नवा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो, तसं.

येताना खिडकीत बसले.

९ फेब्रुवारी

सांगितलं.

काकू मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि घडाघडा बोलून टाकलं. न्हाणीघर, बाटल्या, वास, बल्ब, आकडे. त्या सोलतच राहिल्या. माझं बोलणं संपलं तरी सोलत होत्या.

"सतरा वर्षं," म्हणाल्या.

"हो."

"माझ्या हातचं जेवत होतीस."

"हो काकू."

मग पातेलं बाजूला ठेवलं. "तुझा राग नाही आला मला. चूक कोणाचीही होते, शाळेत काय कमी पाहिल्या मी? पण अगं, मी ह्यांना किती बोलले त्या रोलवरून. भांडण कशावरूनही असू दे, शेवट तिथे. गॅस बंद केलात का, तुमचा काय भरवसा. दाराला कडी लावलीत का, तुमचा काय भरवसा. शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, नर्सने सलाईन लावली तर मी म्हणाले — नीट अडकलीय का ती बघून घ्या, ह्यांना चकती बघायची सवय नाही. हसले होते तेव्हा. मला वाटलं, विनोदाला हसले."

मी रडायला लागले. त्या नाही रडल्या.

"ते असताना सांगायचं होतंस. एकदा तरी त्यांना म्हणता आलं असतं मला, चुकलंच माझं."

मी जमिनीवर सांडलेले दोन दाणे उचलून पातेल्यात टाकले. 

"जा आता. मटार राहिलेत."

१० फेब्रुवारी

काकूंचा फोन नाही. मीही केला नाही.

१३ फेब्रुवारी

फोन नाही. नवरा "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. त्याचे आभार मानले. "कशाबद्दल?" म्हणाला. काही नाही म्हटलं.

१७ फेब्रुवारी

सकाळी सातला फोन! "प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय आणि तू बसलीस घरी. ये. आणि ह्यांचा जुना कॅमेरा इथेच आहे, रोल घेऊन ये."

गेले. पळतच म्हणा ना. काकूंनी राखाडी शाल घेतली होती. तीच का दुसरी, विचारायचा धीर झाला नाही.

"चार दिवस बसले ह्यांच्या फोटोसमोर आणि माफी मागून घेतली. मोठ्याने. मनातल्या मनात मागितलेली ह्यांना ऐकू जात नाही, आधीही जायची नाही. शेजारीण विचारत होती, पाहुणे आलेत का." मग खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या. "चौथी भिंत रिकामी आहे. ते नाहीत तर त्यांची एक्सरे काढेल. काढ."

 रोल भरला. खटका ओढला. डावीकडची चकती फिरली. पुन्हा ओढला, पुन्हा फिरली. काकू बघत होत्या. "फिरली ना?" "फिरली."

"हनुवटी वर करू?"

"नको. आहात तशाच."

कॅमेरा डोळ्याला लावून बोटाला म्हणाले, थांबा. काकू आधी कॅमेऱ्याकडे बघत होत्या, शाळेच्या वार्षिक फोटोसारख्या. मग कंटाळल्या. मग त्यांना सरांची आरामखुर्ची दिसली, तिच्यावर मी माझी पिशवी टाकली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं — आता ओरडणार, 'तिथे नाही ठेवायची,' आणि ओरडायच्या आधीच आपलं आपल्याला हसू. तेव्हा काढला.

१८ फेब्रुवारी

रोल धुतला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तीन वेळा वाचल्या, मोठ्याने. नवरा बाहेरून म्हणाला, "मंत्र म्हणतेस का?"

आलेत. सगळे आलेत. तो हसू फुटायच्या आधीचा सगळ्यात चांगला.

२० फेब्रुवारी

काकूंनी तोच निवडला. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून बघितला. "म्हातारी झाले की मी," म्हणाल्या. आणि खूश होत्या, मला कळतं. चौथी भिंत झाली.

निघताना एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा हातात ठेवला. कपाटात अगदी मागे सापडला म्हणे. "ह्यात झाकणंच असणार. बघ आणि टाकून दे."

२६ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याकडे तीन फेऱ्या. सगळं मनासारखं. सरांना आवडलं असतं, आणि त्यांनी तरीही दोन फोटो बदलायला लावले असते. कोणते दोन तेही मला माहीत आहे. बदलले.

३ मार्च

डबा आज उघडला. झाकणं चार. खाली एक पाकीट, आणि पाकिटात कोरी फिल्म, सहा-सहाचे तुकडे नीट कापून ठेवलेले. खिडकीला धरली.

आकडे आहेत. एक ते छत्तीस, स्वच्छ काळे.

रोल खरंच अडकला नव्हता. मी आधी डेव्हलपरच ओतला होता, बाटल्या परत ठेवताना जागा बदलल्या असतील. चोराच्या मनात चांदणं, चोरी न करताच! सर सतरा वर्षं खरं सांगत होते. अडतीससुद्धा खरे. माझ्याकडे बघायचे ते मी हसते की नाही हे बघायला. आणि मी न झालेल्या उपकारापोटी त्यांच्या मागून गावोगाव हिंडले. मग जात कशासाठी होते मी? मजा यायची म्हणून. दुसरं काय.

पाकिटावर सरांच्या पेन्सिलीने: 'बायकोचे छत्तीस. फोटोग्राफर गाढव. धुलाई एक्सरेची, चोख.'

काकूंना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बोलत होते ते बरोबरच होतं. माफी परत घेते मी. आणि येताना ते पाकीट घेऊन ये, माझ्या फोटोशेजारी लावायचंय."